‘चूक’मधला दीर्घ उकार

शांता ढमाले गेल्याचे मला आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावरून कळले. मंगळवारची सकाळ होती आणि डोळे तपासून घेण्यासाठी मी बसने बर्मिंगहॅमच्या मध्यभागाकडे चालले होते. संदेश असा होता : ‘आपल्या मंडळाची शान, सुप्रसिद्ध जॅझ गायिका शांताताई ढमाले यांचे दुःखद निधन.’ खाली जोडलेल्या हातांची रांग. मी तो दोनदा वाचला. पहिल्यांदा दुःखाने, आणि दुसऱ्यांदा, आयुष्यभर वह्या तपासल्यावर हाताला जी खोड लागते तिच्यामुळे, चुका शोधत. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. पण शांता मंडळाची सभासद कधीच नव्हती. हयातीत तिला तिथल्या कोणी ‘ताई’ म्हटले नव्हते. आणि जिची आता शान झाली होती, तिला मंडळाने आपल्या व्यासपीठावर एकदाही पाय ठेवू दिला नव्हता. तसे तिला कळवणारे पत्र मी लिहिले होते.

उतरायचे होते त्याच्या तीन थांबे आधीच मी उतरले आणि फुटपाथवर उभी राहिले. रडू यायला हवे होते. आला तो राग. सात आठवडे झाले, तो अजून ओसरलेला नाही. आणि तो ओसरण्याची वाट न पाहता मी हे लिहीत आहे, कारण राग ओसरल्यावर मी पुन्हा सभ्य भाषा वापरू लागेन, आणि माझ्या सभ्य भाषेने काय केले आहे ते पुढे सांगायचे आहे.

बर्मिंगहॅममध्ये मी रविवारी सकाळी मराठीचा वर्ग घेते. वर्गात बहुतेक मुलेच असतात. आजीशी बोलता यावे म्हणून आईवडिलांनी ढकलून पाठवलेली. साधारण पंधरा वर्षांपूर्वी एका रविवारी त्या मुलांच्या मागे एक उंच बाई येऊन उभी राहिली. वय पन्नाशीच्या उंबरठ्यावर, डोक्याला पिवळाधमक रुमाल, काखेत बिस्किटांचा पत्र्याचा डबा. “माझ्या डॅडचे लेटर्स आहेत,” डबा माझ्या टेबलावर ठेवत ती म्हणाली. “त्याचा आईने पाठवलेला. मला वाचायचा आहे. तुम्ही ॲडल्ट घेता का?”

ते डॅड म्हणजे दत्ताराम ढमाले. साताऱ्याकडच्या एका खेड्यातून इथे आले आणि निवृत्त होईपर्यंत एका ओतकारखान्यात राबले. त्यांची पत्नी जमैकाहून आलेली नर्स. मुलगी झाली तेव्हा दत्तारामांनी तिला आपल्या आईचे नाव दिले. “मी शांता म्हटला की गोऱ्यांना सांता ऐकू येतो,” ती म्हणायची. “डिसेंबरमध्ये मी फार बिझी असते.” आणि पहिल्याच दिवशी, वहीवर आडनाव लिहायला शिकताना : “बाई, माझ्या नावाची सुरुवातच ढने आहे. डॅडने सांगितलाय ढ म्हणजे काय. तुम्ही एक्स्पेक्टेशन कमी ठेवा.”

वडिलांनी तिला मराठी का शिकवले नाही, हे मला पुढे कधीतरी कळले. ती लहान असताना दत्ताराम एकदाच पत्नीला आणि मुलीला घेऊन मंडळाच्या दिवाळीला आले होते. तिची आई साडी नेसली होती. शेजारणीकडून शिकून घेऊन, दोन तास खपून. हॉलमध्ये कोणीतरी तिच्या हातातले ताट पाहिले आणि म्हणाले, “केटरिंगच्या ना तुम्ही? तिकडे पुऱ्या संपल्यात.” दत्तारामांनी पत्नीचा कोट आणला, तिच्या खांद्यांवर घातला आणि ते तिघे बाहेर पडले. हे सांगताना शांता मोठ्याने हसली. मी हसले नाही. पण तिने हे सांगितले त्या दिवशी त्याच मंडळाची चिटणीस मी होते, आणि दुसऱ्या दिवशीही राहिले.

विद्यार्थिनी म्हणून ती हट्टी होती आणि श्रुतलेखनात तिला दहापैकी चाराच्या वर कधी गुण पडले नाहीत. नामांचे लिंग तर तिने अखेरपर्यंत जुमानले नाही. ऱ्हस्व-दीर्घावर मात्र ती वाद घालायची. मी फळ्यावर लिहिले होते : चूक, फूल, मूल. शब्दाच्या शेवटी अ असेल तर त्याच्या आधीचा उकार दीर्घ. पण अनेकवचन केले की तोच उकार ऱ्हस्व होतो : चुका, फुले, मुले. शांताने हात वर केला. “म्हणजे बाई, चूक एकटी असली की लांब, आणि खूप केल्या की प्रत्येक छोटी?” मी म्हटले, व्याकरणापुरते तसेच. “हे बेस्ट आहे,” ती म्हणाली. “मग मी खूपच करते.” मुले खदखदून हसली. मी कडक चेहरा ठेवला. तो ठेवणे हेच माझे काम होते.

तिचे काम मी पहिल्यांदा पाहिले ते एका रविवारी दुपारी, एका पबच्या वरच्या मजल्यावर. खोली लांबट, खिडक्या रंग लागून कायमच्या बंद झालेल्या, पुढे एक पियानो, एक ड्रमवाला आणि माणसाएवढ्या उंचीचे व्हायोलिन वाटावे असे डबल बास. मी हातात पर्स घट्ट धरून तिसऱ्या टेबलाशी बसले. गाणे सुरू झाले आणि लोक टाळ्या देऊ लागले, तशी मीही देऊ लागले. काही क्षणांनी माझ्या लक्षात आले की सगळी खोली एका बाजूला आहे आणि मी दुसऱ्या. गाणे न थांबवता, पियानोवाल्याला हाताने खुणावून, शांता माइकवरून सरळ मराठीत म्हणाली, “बाई, एक आणि तीन नाही! दोन आणि चार! समेवर तर सगळेच येतात!” माना वळल्या. शिक्षिकेला वर्गासमोर उठवून उभे केल्यासारखे मला झाले. मध्यंतरात ती घामाने चिंब होऊन माझ्या टेबलाशी आली आणि तिने टेबलावर बोटांनी वाजवून मला शिकवले. चार मात्रा. पहिलीवर जोर असतोच, तो कोणी द्यावा लागत नाही. “जिथे जोर नाही ना, तिथे आपण द्यायचा. बस. एवढाच जॅझ.”

तिचा आवाज खालच्या पट्टीतला, कडेला थोडा खरखरीत. शब्द ती वेळेवर कधीच टाकत नसे. वाद्ये पुढे जात, शब्द मागे राही, ती विसरली की काय अशी आपल्याला धास्ती वाटे, आणि मग ती तो असा ठेवी की त्याची जागा तीच होती हे पटावे. एकदा तिचा सूर चक्क चुकला. माझ्यासारखीच्याही कानाला कळले. पुढच्या आवर्तनात ती त्याच ठिकाणी आली आणि तोच चुकीचा सूर तिने पुन्हा लावला, यावेळी भरघोस. नंतर मी विचारले तर म्हणाली, “एकदा केली तर चूक. दोनदा केली की लोकांना कळतं, मुद्दाम आहे.” हे वाक्य मी तेव्हा गंमत म्हणून लक्षात ठेवले होते.

दोन गाण्यांच्या मध्ये ती बोले, आणि काही श्रोत्यांना ते आवडत नसे. कोणाला पोलिसांनी रस्त्यात तिसऱ्यांदा विनाकारण थांबवले, कोणाच्या सुनावणीला सोबत जायचे आहे, गुरुवारी कुठे जमायचे आहे. दाराशी खुर्चीवर कागद आणि पेन ठेवलेले असे. नाव लिहिल्याशिवाय बाहेर पडणे कठीण. “गाणं फुकट ऐकलं, आता हात चालव,” असे ती ओळखीच्यांना सरळ म्हणे. ही तिची दोन कामे नव्हती. एकच होते. ज्यांना ती केवळ गायिका म्हणून हवी होती त्यांना ते समजले नाही, आणि आज ज्यांना ती केवळ ‘शान’ म्हणून हवी आहे त्यांना समजून घ्यायचेच नाही.

मग सिडनीमामाला एक पत्र आले. सिडनी हा तिच्या आईचा धाकटा भाऊ. शांता त्याला ‘मामा’ असेच म्हणे, आणि सगळा मोहल्लाही मग तसेच म्हणू लागला होता. लहानपणी या देशात आला, इथेच शिकला, इथल्या रस्त्यांवर चाळीस वर्षे बस चालवली. म्हातारपणी एका सरकारी कचेरीने त्याला कळवले की त्याला इथे राहण्याचा अधिकार असल्याचा पुरावा उपलब्ध नाही. ते पत्र मी वाचले आहे. त्यात एकही कठोर शब्द नाही. त्याचे प्रकरण नियमांच्या चौकटीत बसत नसल्याचे कळवण्यास त्यांना खेद होतो, असा त्याचा आशय. शेवटी सहकार्याबद्दल आगाऊ आभार.

शांताने त्या पत्राचे गाणे केले. शब्द एकही बदलला नाही. फक्त चाल दिली, अत्यंत सावकाश. ‘खेद होतो’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवर ती इतका वेळ थांबे की खोलीतला माणूस अस्वस्थ होऊन खुर्चीत हलू लागे. मग एका सकाळी वीस-पंचवीस जण त्या कचेरीच्या दारात पायऱ्यांवर बसले आणि शांताने ते तिथेच गायले. पोलिसांनी तिला दोन्ही दंडांना धरून उचलले. स्थानिक वर्तमानपत्रात फोटो आला. त्यात तिचे तोंड उघडे आहे. पाहणाऱ्याला वाटते, ती किंचाळते आहे. ती गात होती. पण फोटोला आवाज नसतो. मामाच्या प्रकरणाचा निकाल लागला नाही. त्याच्या आधी मामाच गेला.

तो फोटो छापून आला तेव्हा मंडळाच्या वर्धापनदिनाला तीन आठवडे उरले होते, आणि त्या कार्यक्रमात शांताने गावे असे माझ्याच सूचनेवरून ठरले होते. तातडीची बैठक झाली. आमचे अध्यक्ष राजाभाऊ स्वभावाने वाईट नाहीत. अडल्यानडल्या नवख्या कुटुंबाला विमानतळावरून घेऊन येणारे, पहिल्या आठवड्याचा डबा पोचवणारे गृहस्थ. ते म्हणाले, “बाई, गाणंबिणं ठीक आहे हो. पण पोलिसांनी उचललेली बाई आपण स्टेजवर आणायची? इथे निम्मे लोक व्हिसावर आहेत. उद्या कुणी फोटो टाकला, कंपनीच्या एचआरने पाहिला... जबाबदार कोण?” ही भीती खोटी नव्हती, हे मी न्यायाने नोंदवते. पण मग टेबलाच्या टोकाकडून कोणीतरी हळूच म्हणाले, “आणि ती तशी पूर्णपणे आपली नाहीच ना.” बशीतल्या चकलीचा एक तुकडा मोडून मी तोंडात टाकला, हे मला स्पष्ट आठवते.

“पत्र बाईच लिहितील,” राजाभाऊ म्हणाले. “बाईंचं मराठी किती सुंदर आहे!”

आणि मी ते लिहिले. तीन मसुदे केले. पहिल्यात ‘दिलगिरी’ होती. ती काढून ‘खेद’ घातला, कारण तो अधिक भारदस्त वाटला. अखेरचे वाक्य असे झाले : ‘आपला कार्यक्रम मंडळाच्या कार्याच्या चौकटीत बसत नसल्याचे आपणांस कळविण्यास आम्हांस अत्यंत खेद होतो. आपल्या सहकार्याबद्दल आगाऊ आभार.’ मामाचे पत्र मी महिन्यापूर्वीच वाचलेले होते. तरीही माझ्या लक्षात आले नाही. वाक्य तोलून पाहिले, आवडले, लिफाफ्यात घातले.

तिचा फोन आला. आवाज नेहमीचा. “बाई, हा पत्र मी स्वतः वाचला. डिक्शनरी नाही घेतली. फक्त एक विचारायचं आहे. चौकट म्हणजे फ्रेम ना? फोटोची असते ती?” मी म्हटले, हो, पण इथे त्याचा अर्थ लाक्षणिक आहे. “ओके,” ती म्हणाली. “लाक्षणिक. रविवारी भेटू.” रविवारी ती आली, श्रुतलेखन लिहिले, चार गुण घेतले आणि गेली. पुढे एकदा तिच्या घरी चहाला गेले तेव्हा स्वयंपाकघराच्या भिंतीवर शेजारी शेजारी दोन चौकटी टांगलेल्या दुरून दिसल्या. एकीत मामाचे पत्र. दुसरीतला कागद मी मंडळाच्या शिक्क्यावरून ओळखला. “बघा,” कपात दूध ओतत ती म्हणाली, “बसला की चौकटीत.” मी जवळ जाऊन पाहिले नाही. चहा गरम असतानाच संपवला.

पण खरी शिक्षा पुढे होती. काही महिन्यांनी त्याच पबच्या वरच्या खोलीत, तिसऱ्या टेबलाशी मी बसले असताना, मामाचे पत्र गाऊन झाल्यावर तिने वाद्यांना थांबू दिले नाही. श्रोत्यांना इंग्रजीत एवढेच सांगितले, “आता दुसरं पत्र. हे माझ्या वडिलांच्या भाषेत आहे. फार पोलाइट भाषा आहे.” आणि तिने माझे पत्र गायले. तीच चाल, तोच संथपणा. ‘आपणांस’... ‘कळविण्यास’... ‘आम्हांस’... प्रत्येक अनुस्वार जागच्या जागी. आणि मग ‘खेद’वर तोच जीवघेणा थांबा. त्या भरलेल्या खोलीत मराठी कळणारी मी एकटी होते. सगळे डोळे मिटून डोलत होते. त्यांना ते सुंदर वाटत होते. सुंदर होतेच. मीच ते सुंदर केले होते. लोक दोन आणि चारवर टाळी देत होते. माझे हात मांडीवरून उचलले गेले नाहीत. गाणे संपल्यावर ती माझ्याकडे आली आणि अगदी मनापासून म्हणाली, “उच्चार बरोबर होते ना, बाई?”

माफी मी मागितली नाही. तेव्हाही नाही, आणि गेल्या हिवाळ्यात तिचा आजार कळल्यावरही नाही. शेवटच्या भेटीत तिने डब्यातले आजीचे अखेरचे पत्र मला वाचून दाखवले, मोडी वळणाचे अक्षर असूनही न अडखळता. मी तोंड उघडले आणि बाहेर किती थंडी आहे ते सांगितले. ती उशीवरून माझ्याकडे पाहत राहिली. “राहू दे, बाई. होमवर्क नंतर बघू.”

तिच्यानंतर आठवड्याने राजाभाऊंचा फोन आला. शोकसभा घ्यायची आहे. “शोकप्रस्ताव तुम्हीच लिहा. तुमच्यासारखं मराठी...” मी लिहिला. तिचे गाणे, मामाचे प्रकरण, पायऱ्यांवरची अटक. आणि एक वाक्य, की या मंडळाने तिला गाऊ दिले नाही आणि त्याबद्दल मंडळ तिची क्षमा मागते. मसुदा ईमेलने परत आला. ते वाक्य, मामा आणि अटक, तिन्ही गाळलेली. खाली राजाभाऊंची टीप : ‘बाई, बाकी अप्रतिम. फक्त एवढे शोकप्रस्तावाच्या चौकटीत बसत नाही.’

एकदा केली तर चूक. दोनदा केली की कळते, मुद्दाम आहे.

सभेत समई होती, हार घातलेला फोटो होता. अर्थात तोंड मिटलेला. राजाभाऊंनी सर्वांना दोन मिनिटे शांतता पाळायला सांगितले. आयुष्यभर जिला गप्प बसवता आले नाही तिला अखेर आम्ही दोन मिनिटे गप्प बसवले, आणि नावातही शांतता होतीच. मग मी उठले. गाळलेला प्रस्ताव पर्समध्येच ठेवला आणि जुन्या पत्राची प्रत काढून पहिल्या अक्षरापासून सहीपर्यंत वाचली. सही माझी आहे, हेही सांगितले. “बाई, अहो, ही वेळ आहे का?” राजाभाऊ कुजबुजले, माइक चालू असल्याने ते सर्वांनी ऐकले. मी म्हटले, “राजाभाऊ, वेळ सात वर्षांपूर्वी होती. आता फक्त बुडालेला तास भरून काढायचा आहे.” कोणी उठून गेले नाही. मागच्या रांगेत शांताची मुलगी ग्रेस बसली होती. तिला मराठी येत नाही. पण ‘खेद’ या शब्दावर तिने मान वर केली. तो तिने ऐकलेला होता.

मंडळाचे चिटणीसपद मी त्याच संध्याकाळी सोडले. त्याने काही भरून निघत नाही, म्हणून त्याविषयी अधिक लिहीत नाही.

पुढच्या रविवारी ग्रेस वर्गाच्या दाराशी आली. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली चौकट. “मम सेड, हे टीचरला दे,” ती म्हणाली. एवढे तीन-चार शब्द तिने बहुधा वाटेत पाठ केले होते. मामाचे पत्र तिने स्वतःकडे ठेवले आहे, आणि ते योग्यच आहे.

घरी येऊन मी कागद सोडला आणि ते पत्र पहिल्यांदा जवळून पाहिले. माझ्या सहीखाली, काचेच्या आत, लाल शाईत, मी वह्यांवर मारते तशाच वर्तुळात गुण दिलेले होते : १०/१०. आणि त्याखाली तिच्या मोठ्या, वाकड्या अक्षरांत शेरा : ‘एकही चुक नाही.’

वह्या तपासायच्या टेबलासमोर ती चौकट आता टांगलेली आहे. दर शनिवारी हातात लाल पेन असते, आणि प्रत्येक वेळी नजर त्या शब्दावर जाते. त्यातला उकार ऱ्हस्व पडला आहे. नियम मीच तिला शिकवला होता : चूक एकटी असेल तर दीर्घ, अनेकांत मिसळली की ऱ्हस्व. ती विसरली असेल, नेहमीसारखी. किंवा बैठकीतल्या सगळ्यांच्या चुकांत माझीही मोजून तिने मला ती आखूड करून दिली असेल. तिचे अक्षर मी दुरुस्त करणार नाही. पण दिलेली सूटही घेणार नाही. तो उकार दीर्घ आहे, शांता.